जुन्या ट्रकचे इंजेक्टर : शक्तीचा मोह आणि मापाचा हिशेब

पाणीटंचाईच्या दिवसांत गावी टँकर वेळेवर पोहोचणे ही लहानसहान बाब नव्हे. विहिरीच्या काठी हंडे-घागरींची रांग लागलेली असते आणि घाटाच्या चढावर टँकर मात्र काळ्या धुराचे लोट सोडीत रखडत येत असतो. "गाडी ओढत नाही," एवढेच ड्रायव्हर सांगतो. मग कोणीतरी सुचवितो की, इंजिनाला मोठ्या मापाचे नोझल बसवावे, पंपातून डिझेल वाढवून घ्यावे, म्हणजे गाडी चढ सहज चढेल. ही सूचना वरकरणी पटण्यासारखी असते. अधिक इंधन म्हणजे अधिक शक्ती, हे समीकरण कोणालाही सोपे वाटते. परंतु जुन्या डिझेल इंजिनाच्या बाबतीत ते बहुधा फसवे ठरते. त्यापायी डिझेल वाया जाते, इंजिनाचे आयुष्य घटते आणि गावाच्या वाट्याला धूर येतो.

टँकर, मालवाहू ट्रक व इतर अवजड वाहने भाड्याने घेणे, त्यांच्या फेऱ्यांचा हिशेब पाहणे किंवा दुरुस्तीच्या खर्चास मंजुरी देणे हे काम अनेक कार्यालयांना व ग्रामपंचायतींना करावे लागते. तंत्रज्ञ नसलेल्या व्यक्तीलाही या विषयाची मूळ तत्त्वे ठाऊक असली, तर योग्य दुरुस्ती कोणती आणि अनाठायी खर्च कोणता, हे ओळखणे कठीण जात नाही.

इंजेक्टरचे कार्य

पेट्रोल इंजिनात ठिणगीने इंधन पेटते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमध्ये घेतलेली हवा पिस्टन सुमारे सोळा ते अठरा पट दाबतो. त्या दाबाने हवा इतकी तापते की, तिच्यात सोडलेले डिझेल आपोआप पेट घेते. मात्र डिझेलची धार सोडून चालत नाही. लाकडाचा ओंडका पेटण्यास वेळ लागतो, पण त्याच लाकडाच्या ढलप्या चटकन पेटतात. डिझेलचेही तसेच आहे. ते धुक्यासारखे बारीक झाले तरच हवेत मिसळून पूर्णपणे जळते. हे काम इंजेक्टर करतो.

इंजेक्टरच्या टोकाशी नोझल असते. त्यात एक पोलादी सुई बसविलेली असून मजबूत स्प्रिंग तिला दाबून धरते. फ्युएल पंपाकडून येणाऱ्या डिझेलचा दाब ठरलेल्या मर्यादेपर्यंत चढला की सुई उचलली जाते आणि टोकाच्या बारीक भोकांतून डिझेलचा फवारा उडतो. जुन्या ट्रकांच्या अनेक इंजिनांत हा दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे दोनशे पट असतो. नेमका आकडा उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेला असतो. नोझलला बहुधा चार किंवा पाच भोके असतात आणि प्रत्येकाचा व्यास मिलिमीटरच्या सुमारे तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढा असतो. सुई आणि तिच्या भोवतीचे घर यांमधील फट तर मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजावी लागते. माणसाच्या केसाच्या जाडीशी तुलना केली तर ही फट वीस-पंचवीस पटींनी लहान असते. डिझेलमधील धुळीचा सूक्ष्म कण किंवा पाण्याचा अंश या भागाला घातक का ठरतो, हे यावरून ध्यानी येईल.

या तंत्राची वाटचाल

रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन १८९७ साली जर्मनीतील ऑग्सबुर्ग येथे यशस्वी ठरले, तेव्हा त्यात इंधन फवारण्यासाठी दाबलेल्या हवेचा उपयोग केला जाई. त्यासाठी लागणारा अवजड कॉम्प्रेसर रस्त्यावरच्या वाहनात बसविणे व्यवहार्य नव्हते. रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात १९२७ साली डिझेलच्या फ्युएल पंपांचे नियमित उत्पादन सुरू झाले आणि डिझेल ट्रकचा मार्ग मोकळा झाला.

भारतात १९५१ साली मोटर इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजेच 'मायको', स्थापन झाली. पुढे तिचे पंप आणि नोझल देशभरातील गॅरेजांमध्ये परिचित झाले. २००८ साली या कंपनीचे नाव बॉश लिमिटेड असे झाले. १९५४ साली जमशेदपूर येथे टेल्कोने जर्मनीच्या डायम्लर-बेंझ कंपनीच्या सहकार्याने ट्रकचे उत्पादन सुरू केले. त्या परंपरेतील टाटांची सहा सिलिंडरची इंजिने अनेक वर्षे देशाच्या मालवाहतुकीचा भार वाहत होती. त्यांपैकी '६९७' हे इंजिन जुन्या मेकॅनिकांना विशेष परिचयाचे आहे. त्याच्या नावातच त्याचे माप आहे. सिलिंडर सहा आणि प्रत्येकाचा व्यास ९७ मिलिमीटर. पिस्टनचा फेरा १२८ मिलिमीटर असल्याने सहाही सिलिंडरांचे एकूण घनमाप सुमारे ५.६७ लिटर भरते.

हवेचा आणि इंधनाचा हिशेब

याच इंजिनाचे उदाहरण घेऊन थोडा हिशेब करता येईल. शाळेत गणित वा विज्ञान शिकविणाऱ्या शिक्षकांनाही तो वर्गात मांडण्याजोगा आहे. असे इंजिन, टर्बोशिवाय, मिनिटाला १,५०० फेऱ्यांनी चालत आहे असे समजू. प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच हवा घेतो. म्हणजे इंजिन मिनिटाला ७५० वेळा ५.६७ लिटर हवा घेऊ शकते. तासाचा हिशेब केला तर ही हवा सुमारे २५५ घनमीटर होते. प्रत्यक्षात सिलिंडर काठोकाठ भरत नाही. ८५ टक्के हवा आत जाते असे धरले, तर सुमारे २१७ घनमीटर, म्हणजे वजनाने अदमासे २५० किलो हवा तासाला उपलब्ध होते.

एक किलो डिझेल पूर्ण जळण्यास सुमारे साडेचौदा किलो हवा लागते. या प्रमाणात २५० किलो हवेत सतरा किलो डिझेल जळावयास हवे. परंतु सेकंदाच्या काही सहस्रांश काळात हवा आणि डिझेल यांचे मिश्रण सर्वत्र सारखे होणे शक्य नसते. म्हणून धूर न होता इंजिन चालावयाचे तर तिसऱ्या हिश्शाने अधिक हवा हाताशी ठेवावी लागते. त्यामुळे डिझेलची मर्यादा तासाला तेरा किलोच्या आत, म्हणजे सुमारे पंधरा लिटर येते.

आता हे पंधरा लिटर किती फवाऱ्यांत विभागले जातात ते पाहू. प्रत्येक सिलिंडरमध्ये मिनिटाला ७५० फवारे, सहा सिलिंडरांत ४,५००, आणि तासाला २ लाख ७० हजार. पंधरा लिटरला या संख्येने भागले की एका फवाऱ्याच्या वाट्याला मिलिलिटरचा अठरावा भाग येतो. औषधाच्या ड्रॉपरमधून पडणाऱ्या एका थेंबाएवढेच हे माप आहे. तेवढा थेंब चार-पाच भोकांतून, सेकंदाच्या सुमारे चारशेपन्नासाव्या भागात, धुक्यासारखा पसरला पाहिजे. शिवाय सहाही सिलिंडरांत तो सारखाच पडला पाहिजे. इंजिनाची खरी ताकद या मापाच्या अचूकपणात आहे.

घाटमाथ्यावर हे गणित आणखी कठीण होते. समुद्रसपाटीपासून ६०० मीटर उंचीवर हवा सुमारे सहा टक्क्यांनी विरळ असते. सखल भागात जेमतेम धूर न सोडणारे इंजिन पठारावर काळे पडते, त्याचे एक कारण हे आहे.

मोठ्या नोझलने काय साधते?

नोझलची भोके मोठी केली की अधिक डिझेल जाईल, ही समजूत सर्वत्र आढळते. जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनात ती बहुतांशी खरी नाही. एका फवाऱ्यात किती डिझेल जावयाचे हे प्रामुख्याने पंपातील एलिमेंट ठरविते. नोझल ते केवळ फवारते. नोझलची भोके मोठी झाली की तेवढेच डिझेल कमी दाबाने बाहेर पडते, थेंब जाड होतात आणि फवाऱ्याची दिशा व पल्ला बदलतो. बागेच्या नळीच्या तोंडावरचे बोट काढून घेतले की पाण्याची धार जाड होऊन जवळच पडते, तसाच हा प्रकार आहे. ज्या शक्तीसाठी हा खर्च केला, ती उलट कमी होण्याचाच संभव असतो.

हे लक्षात आले की पुढचे पाऊल पडते ते पंपाकडे. पंपाच्या कमाल इंधनाच्या स्क्रूवर सील असते. ते तोडून डिझेल वाढविले जाते. त्याने थोडी शक्ती वाढल्याचा भास होतो आणि काही वेळा ती वाढतेही. परंतु हवा पूर्वीइतकीच असल्याने हिशेबाबाहेरचे डिझेल अर्धवट जळते. त्याचा काही भाग काजळी होऊन बाहेर पडतो. काही भाग सिलिंडरच्या भिंतीवरील ऑइल धुऊन खाली उतरतो, इंजिनाचे ऑइल पातळ होते आणि लायनर व रिंगा झिजतात. जळण लांबल्याने धुराचे तापमान चढते. पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते आणि मिश्रधातूची ताकद त्याच्या कितीतरी आधी कमी होऊ लागते. चढावर भरलेला ट्रक चालताना पिस्टनच्या माथ्याला भोक पडण्याचे प्रकार होतात, त्यांच्या मुळाशी पुष्कळदा बिघडलेला फवारा किंवा अवाजवी इंधन असते.

अमेरिकेत मोठे इंजेक्टर बसवून जुन्या गाड्यांची शक्ती वाढविल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत आणि त्यांचा दाखला येथेही दिला जातो. तेथे डॉज कंपनीच्या पिकअप गाड्यांत १९८९ सालापासून कमिन्सचे ५.९ लिटरचे डिझेल इंजिन मिळू लागले. ते हौशी मालकांच्या विशेष आवडीचे ठरले. परंतु त्या इंजिनाला मुळातच टर्बो होता, म्हणजे हवा दाबून आत घालण्याची सोय होती. अधिक इंधनाबरोबर अधिक हवाही देता येत होती. तरीदेखील तेथे शक्ती वाढवावयाची म्हटली की टर्बो, क्लच आणि गिअरबॉक्स यांचाही विचार करावा लागतो, आणि धूरनियंत्रणाच्या व्यवस्थेत फेरफार करण्यास तेथील कायद्याचीही बंदी आहे. टर्बो नसलेल्या जुन्या ट्रकला हा दाखला मुळीच लागू पडत नाही.

मग सुधारणा कोणती?

जुन्या इंजिनाची खरी सुधारणा म्हणजे त्याला त्याचे मूळ माप परत मिळवून देणे होय. लाखो किलोमीटर चाललेल्या गाडीत स्प्रिंग ढिली पडते, सुईची बैठक झिजते, भोकांवर कार्बन बसतो. फवाऱ्याऐवजी थेंब गळू लागतात आणि तेही सहा सिलिंडरांत सहा तऱ्हांचे. अशा गाडीत उत्पादकाने त्या इंजिनासाठी ठरविलेले नवे नोझल, सहाही एकाच क्रमांकाचे, बसविले आणि पंपाचे कॅलिब्रेशन केले, तर पूर्वीची ओढ परत येते. मोठ्या नोझलकडून जी अपेक्षा केली जाते, ती बहुधा येथेच पुरी होते.

काळानुसार नोझलच्या रचनेतही सुधारणा होत गेल्या. पूर्वीच्या जाड सुईऐवजी बारीक व हलकी सुई आली. ती चटकन उघडते आणि चटकन बंद होते. टोकाशी शिल्लक राहणारे डिझेल कमी व्हावे अशीही रचना झाली. त्यामुळे न जळलेल्या इंधनाचे प्रमाण घटते. उत्पादकाने जुन्या इंजिनासाठी अशा सुधारित इंजेक्टरची शिफारस केली असेल, तर तो संपूर्ण संच म्हणून बसविणे योग्य ठरते. केवळ आकाराने बसते म्हणून दुसऱ्या इंजिनाचे नोझल घालणे मात्र सर्वस्वी चुकीचे आहे.

लक्षणे आणि तपासणी

धूर दिसला म्हणजे दोष इंजेक्टरचाच, असे समजू नये. काळा धूर हवा कमी किंवा इंधन जास्त झाल्याचे दर्शवितो. त्यासाठी प्रथम एअर फिल्टर पाहावा. निळसर धूर ऑइल जळत असल्याचे सुचवितो आणि तेथे रिंगांकडे लक्ष द्यावे लागते. थंड इंजिन सुरू होताना थोडा पांढरा धूर येणे स्वाभाविक आहे. तो टिकून राहिला तर टायमिंग, कॉम्प्रेशन वा इंजेक्टर यांपैकी कशात तरी दोष असतो. टॅपेटचे अंतर, डिझेल फिल्टर आणि पंपाचे टायमिंग हे कमी खर्चाचे भाग आधी तपासावेत.

यांत्रिक पंपाच्या इंजिनात दोषी सिलिंडर शोधण्याची जुनी रीत अशी आहे : इंजिन मंद चालू ठेवून एकेका इंजेक्टरच्या पाइपचा नट किंचित सैल करावयाचा. निरोगी सिलिंडरचे इंधन तुटले की इंजिन लगेच अडखळते. ज्याचा नट सैल करूनही फरक पडत नाही, तेथे दोष आहे असे समजावे. कॉमन रेल पद्धतीच्या नव्या इंजिनांत मात्र हा प्रयोग कदापि करू नये. तेथे डिझेलचा दाब वातावरणाच्या हजार पटींहूनही अधिक असतो आणि तो जिवावर बेतू शकतो.

काढलेला इंजेक्टर हातपंपाच्या नोझल टेस्टरवर तपासतात. येथे चार गोष्टी पाहावयाच्या असतात. ठरलेल्या दाबालाच सुई उघडते काय? त्याहून थोडा कमी दाब दहा सेकंद धरून ठेवला असता टोकाशी थेंब जमत नाही ना? सर्व भोकांतून सारखा, बारीक फवारा निघतो काय? आणि फवारा तुटताना तो स्वच्छ तुटतो काय? या वेळी फवाऱ्यासमोर हात कधीही नेऊ नये. त्या दाबाचे डिझेल कातडीत शिरते. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसली तरी ती गंभीर असते आणि रुग्णास विनाविलंब रुग्णालयात न्यावे लागते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधील डिझेल मेकॅनिकच्या विद्यार्थ्यांना ही गोष्ट पहिल्याच दिवशी सांगणे अगत्याचे आहे.

बसवितानाही लहान चुका महाग पडतात. इंजेक्टरखालचा तांब्याचा वॉशर प्रत्येक वेळी नवा घालावा. जुना खाली चिकटून राहिला आणि त्यावर नवा बसविला, तर नोझल वर उचलले जाते आणि फवारा पिस्टनच्या खळग्यात नेमक्या जागी पडत नाही. नट हाताच्या अंदाजाने न आवळता टॉर्क पान्याने, पुस्तिकेतील मापानुसार आवळावेत. पाइपांची तोंडे काम संपेपर्यंत झाकून ठेवावीत. शेवटी डिझेलमधील हवा नीट काढावी. नवे नोझल बसवून टाकीतील गाळ व फिल्टर तसेच ठेवले, तर तो सर्व खर्च थोड्याच दिवसांत पाण्यात जातो. रॉकेल मिसळलेले डिझेल वापरणे हेही असेच आत्मघातकी होय. पंप आणि सुई यांना वंगण मिळते ते डिझेलपासूनच, आणि रॉकेलमध्ये तो गुण पुरेसा नसतो.

कायद्याची बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही. २०१९ च्या सुधारणेने अशा अनधिकृत बदलासाठी मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद केली आहे. झिजलेला भाग त्याच प्रकारच्या भागाने बदलणे ही दुरुस्ती होय. शक्ती वाढविण्यासाठी माप बदलणे आणि पंपाचे सील तोडणे ही वेगळी गोष्ट आहे. डिझेल वाहनांच्या धुराची मर्यादा केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या नियम ११५ मध्ये दिलेली आहे. भारत स्टेज चार पूर्वीच्या वाहनांना धूरमापकावर ६५ एककांची, तर स्टेज चारच्या वाहनांना ५० एककांची मर्यादा आहे. शासकीय व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या वाहनांबाबत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांहून जुन्या अशा वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण होत नाही. त्या मुदतीच्या जवळ आलेल्या गाडीवर मोठा खर्च करण्यापूर्वी ही तारीख तपासणे आवश्यक आहे.

धुराचा प्रश्न केवळ दंडाचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराचा समावेश माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात केला. टँकर गावात उभा असतो तेव्हा त्याच्याभोवती पाण्यासाठी आलेल्या स्त्रिया आणि मुलेच अधिक असतात. त्यांच्या श्वासात जाणारी काजळी कोणत्याही हिशेबाच्या वहीत दिसत नाही.

मंजुरी देताना

इंजेक्टरच्या कामाचा खर्च समोर आला असता काही साधे प्रश्न विचारता येतात. एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, टॅपेट आणि टायमिंग आधी पाहिले काय? इंजेक्टरची टेस्टरवर तपासणी झाली काय आणि प्रत्येकाचा दाब लिहून घेतला काय? नव्या नोझलचा क्रमांक इंजिनाच्या पुस्तिकेशी जुळतो काय? पंपाच्या कॅलिब्रेशनचा तक्ता आणि जुने काढलेले नोझल कार्यालयात जमा झाले काय? दुरुस्तीपूर्वीची व नंतरची धूरतपासणी नोंदविली काय? गाडी ठेकेदाराची असली, तरी डिझेलची आणि फेऱ्यांची नोंद पाहताना हेच प्रश्न उपयोगी पडतात.

लाभाचा अंदाजही मांडता येतो. समजा, एक टँकर रोज ८० किलोमीटर चालतो आणि लिटरमागे चार किलोमीटर देतो. त्याला रोज वीस लिटर डिझेल लागते. दुरुस्तीनंतर तो ४.४ किलोमीटर देऊ लागला, तर रोजची गरज सुमारे १८.२ लिटरवर येते. टंचाईच्या शंभर दिवसांत सुमारे १८० लिटर डिझेल वाचते, आणि तेवढ्यात आणखी नऊ-दहा दिवसांचे पाणी वाहून नेता येते.

चढावर गाडी रखडली म्हणजे अधिक इंधन ओतण्याची इच्छा होणे स्वाभाविक आहे. परंतु इंजिनाला अधिक डिझेल नको असते. योग्य तेवढे डिझेल, योग्य क्षणी, सहाही ठिकाणी सारखे मिळाले की ते आपला भार ओढते. सार्वजनिक पैशाने चालणाऱ्या गाड्यांच्या बाबतीत हा मापाचा नियम पाळला गेला, तर पैसा वाचेल, हवा स्वच्छ राहील आणि रांगेत ठेवलेले हंडे वेळेवर भरतील.